खनिजाच्या तेजीत जिल्ह्याचा व्यापार कसा मांडायचा: तळकोकणासाठी टप्प्याटप्प्याने

सिंधुदुर्गातल्या रेडीच्या जेटीवरून किती टन लोहखनिज गेलं ते घ्यायचं, निर्यातीच्या दराने गुणायचं, वर अडीचचा गुणक (आलेला रुपया बाजारात फिरून किती उत्पन्न बनतो तो आकडा) लावायचा आणि 'जिल्ह्याला इतके कोटी मिळाले' असं लिहून टाकायचं. एम.ए.च्या प्रकल्पांत, पंचायतीसमोरच्या सादरीकरणांत, खाण हवी म्हणणाऱ्यांच्या आणि नको म्हणणाऱ्यांच्या निवेदनांतही मला हीच रीत दिसते. आकडा एकाला मोठा हवा असतो, दुसऱ्याला छोटा, पण चूक दोघांची एकच असते: जिल्ह्यातून गेलेला माल आणि जिल्ह्यात राहिलेला पैसा यांतला फरक कोणी मांडत नाही. मॉडेल बिघडतं ते सूत्रांमुळे नाही. कामाचा क्रम चुकतो म्हणून बिघडतं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. एखादा गाळला तर त्यानंतरचे टप्पे करून उपयोग नाही.

साधनं फारशी लागत नाहीत. एक्सेल पुरतं, सहाव्या टप्प्यात थोडा संयम लागतो आणि निदान आठ-दहा दिवस गावांत फिरायची तयारी हवी.

टप्पा 1: हद्द आणि प्रश्न एका कागदावर लिहा

'कोकण' हा हिशेबाचा प्रदेश होऊ शकत नाही. रायगडचा व्यापार मुंबईशी बांधलेला, दोडामार्ग-सावंतवाडीचा गोव्याशी आणि वैभववाडीचा कोल्हापूरशी. तिघांना एका रकान्यात टाकलं की तिघांचीही ओळख जाते. मी साधारण पाच प्रदेश धरतो: सिंधुदुर्गाचे आठ तालुके मिळून एक, मग गोवा, घाटमाथा (कोल्हापूर-बेळगाव), मुंबई-नवी मुंबई आणि परदेश. रत्नागिरी हवीच असेल तर सहावा प्रदेश करा, सिंधुदुर्गात मिसळू नका.

त्याखाली प्रश्न एका वाक्यात लिहा. 'खनिजाची जावक दुप्पट झाली तर जिल्ह्यातल्या रहिवाशांच्या हातात किती उत्पन्न पडेल?' हा प्रश्न झाला. 'खाणीचा जिल्ह्यावर परिणाम' हे नुसतं मथळ्याचं वाक्य आहे.

'रहिवासी' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. दोडामार्गातली मुलं रोज गोव्यात कामाला जातात. त्यांचा पगार गोव्याच्या उत्पादनात मोजला जातो, पण पैसा येतो इकडे. उलट, खाणीवर आलेला परराज्यातला ऑपरेटर इथे कमावतो आणि घरी पाठवतो. उत्पादन कुठे झालं आणि उत्पन्न कोणाच्या घरी गेलं, याचे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

टप्पा 2: वर्ष ठरवा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आपला व्यापार मात्र पावसाने कापलेला. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, बार्ज बंद, उघड्या खाणीत पाणी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. आंबा-काजू मार्च ते मे. आर्थिक वर्ष धरलं की एकाच हंगामाचे दोन तुकडे होतात, मार्चचा आंबा एका वर्षात आणि एप्रिल-मेचा पुढच्या. म्हणून आकडे महिनावार मिळवा आणि ऑक्टोबर ते सप्टेंबर असं वर्ष बांधा. महिनावार मिळालेच नाहीत तर दोन आर्थिक वर्षांची सरासरी घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

पायाभूत वर्ष तेजीच्या शिखरावरचं घेऊ नका. लोहखनिजाचा जागतिक भाव 2011 च्या सुरुवातीला टनाला 180 डॉलरच्या पुढे होता आणि 2015 च्या अखेरीस 40 च्या खाली आला. आपल्याकडचे राष्ट्रीय पुरवठा-वापर तक्ते (कोणत्या क्षेत्रात काय बनतं आणि काय वापरलं जातं ते सांगणारे) 2011-12 पासून मिळतात, म्हणजे पहिलाच तक्ता खनिजाच्या चढ्या भावाच्या काळातला. त्यातली खाणक्षेत्राची प्रमाणं मंद वर्षाला जशीच्या तशी लावली की नफ्याचा वाटा फुगतो आणि मजुरीचा दबतो. दोन वर्षं घ्या, एक तेजीचं आणि एक साधं, आणि दोन तक्ते बनवा. काम दुप्पट होतं हे खरं, पण तेजीने नेमकं काय बदललं ते दोन तक्ते शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

*तपासणी:* मे महिन्यात खाणीतून निघालेला माल जेटीवर किंवा प्लॉटवर साठून ऑक्टोबरात जहाजात चढतो. उत्पादन आणि जावक यांचा आकडा एकच येत असेल तर तुम्ही साठा विसरलात.

टप्पा 3: आधी टनांचा तक्ता, रुपये नंतर

सर्वात जास्त वेळ इथे द्या. रुपयांच्या आकड्याला भाव, कर, भाडं, कमिशन असं सगळं चिकटलेलं असतं. टन मात्र कुठूनतरी निघतो आणि कुठेतरी पोचतो, त्याचा माग काढता येतो.

प्रत्येक मालासाठी चार ओळी करा: जिल्ह्यात तयार झालेला, बाहेरून आलेला, बाहेर गेलेला, साठ्यात राहिलेला. त्यांच्या शेजारी पाचवी ओळ, नुसता पारगमन करणारा, म्हणजे जिल्ह्यातून फक्त पुढे जाणारा माल. ही ओळ बहुतेक अहवालांत नसते.

बंदराच्या आकड्यात हे पारगमन लपलेलं असतं, कारण निर्यातीची नोंद माल जिथून चढला त्या बंदरावर होते. तेजीच्या काळात बेल्लारी-होस्पेटकडचं खनिज गोव्याच्या बंदरांतूनही जात होतं. जुलै 2010 मध्ये कर्नाटकाने निर्यातीवर बंदी घातली. त्याआधीचे गोव्यातल्या बंदरांचे आकडे 'गोव्याचं उत्पादन' म्हणून वापरले की मॉडेल पायातच वाकडं. जयगडचं उदाहरण उलट्या दिशेचं. तिथे मोठ्या जहाजातून उतरलेला माल बार्जने धरमतरला जातो, डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरावर टन दिसतात, पण जिल्ह्याला मिळते ती फक्त हाताळणीची कमाई. तो माल आयात म्हणून रत्नागिरीच्या खात्यात टाकला तर रत्नागिरी पोलाद बनवते असं मॉडेल सांगू लागेल.

खनिजाचा माग काढायला तीन कागद एकमेकांवर ठेवा: खनिकर्म विभागाकडची रॉयल्टी आणि वाहतूक पास, बंदरावरची लोडिंगची नोंद आणि नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोची खनिजवार प्रकाशनं. तिन्ही कधीच जुळत नाहीत. पास खाणीच्या तोंडावर फाटतो, लोडिंग जहाजाशी होतं आणि मधे साठा, हानी, कधी कधी न नोंदलेल्या खेपा असतात. फरक किती टक्के आहे ते लिहून ठेवा. पुढे अनिश्चिततेची मर्यादा ठरवताना हाच आकडा लागतो.

*सावधान, ओलावा:* काट्यावर जे वजन भरतं ते ओल्या मालाचं. निर्यातीचा दर ठरतो तो कोरड्या टनाला. आपल्याकडच्या बारीक खनिजात ओलावा लक्षात येण्याइतका असतो. समजा 1,00,000 टन काट्यावर भरले आणि ओलावा 8 टक्के आहे, तर विक्रीचे टन 92,000. भाव टनाला 3,000 रुपये धरला तर विक्री 27.6 कोटी, 30 कोटी नव्हे. मॉडेल सुरू होण्याआधीच 2.4 कोटींचा फरक. ट्रकचं भाडं मात्र ओल्या टनावरच द्यायचं असतं, म्हणून दोन्ही वजनांचे रकाने ठेवा.

खनिज सोडून बाकीच्या मालासाठी ई-वे बिलावर विसंबणारे खूप आहेत. ती नोंद उपयोगी आहे, पण ताजी मासळी, ताजी फळं, भाजी, दूध यांवर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही नाही. कोकणचा मूळ व्यापारच त्या नोंदीत दिसत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या आत एक लाख रुपयांच्या आणि राज्याबाहेर पन्नास हजारांच्या खालचा माल सुटतो. आंब्यासाठी वाशीच्या बाजार समितीची आवक, मासळीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाची बंदरवार नोंद आणि चिऱ्यांसाठी गौण खनिजाची रॉयल्टी हे रस्ते त्यातल्या त्यात बरे.

टप्पा 4: टनांचे रुपये करा आणि प्रत्येक रुपयाला पत्ता द्या

माझ्या पहिल्या तक्त्यात मी ट्रकभाड्याची सगळी रक्कम 'स्थानिक वाहतूक' म्हणून जिल्ह्यात धरली होती. ट्रक गावातल्या माणसाचा, पासिंग एमएच-07, मग पैसा गावातलाच, असा माझा तर्क. सावंतवाडीजवळच्या एका वजनकाट्यावर काटापावत्या उतरवून घेत होतो. तिथल्या एका ट्रकमालकाने माझा कागद हातात घेतला, बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, डिझेलाचे पैशे हंय रवतत काय?" मग त्याने पावतीच्याच पाठीवर एका खेपेचा हिशेब लिहून दिला: डिझेल, हप्ता, टायर, ड्रायव्हर, क्लीनर. शेवटी उरलेला आकडा इतका लहान होता की मी तो दोनदा विचारला. त्या दिवशी आख्खा तक्ता मोडून पुन्हा मांडला.

तेव्हापासून मी प्रत्येक खर्चाची अशी फोड करतो. खालचे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत, तुमचे आकडे तुम्हाला गोळा करावे लागतील.

वरच्याच 1,00,000 ओल्या टनांवर टनाला 400 रुपये भाडं म्हणजे 4 कोटी. त्यात डिझेल 1.8 कोटी, हप्ता-टायर-सुटे भाग-दुरुस्ती 1.2 कोटी, ड्रायव्हर-क्लीनर 60 लाख, मालकाकडे 40 लाख. आता पत्ते. डिझेल बाहेरून येतं, गावात राहतं ते पंपवाल्याचं कमिशन, समजा 10 लाख. हप्ता वित्तसंस्थेकडे, टायर घाटावरून, गावात राहते ती गॅरेजची मजुरी, समजा 30 लाख. ड्रायव्हर निम्मे बाहेरचे, म्हणून मजुरीचे 30 लाख. मालकाचे 40 लाख. एकूण 1.1 कोटी. चार कोटींपैकी.

हीच फोड बार्ज-लोडिंगची करा, खाणीवरच्या मजुरीची करा, स्थानिक कंत्राटांची करा. समजा बार्ज-लोडिंगच्या 2.5 कोटींतले 70 लाख आणि खाणीवरच्या मजुरी-कंत्राटाच्या 2.5 कोटींतले 1.8 कोटी जिल्ह्यात राहिले. पहिल्या फेरीचं स्थानिक उत्पन्न झालं 3.6 कोटी. उरलेली रक्कम यंत्रं, खाणीचं डिझेल, व्याज, कर, रॉयल्टी आणि कंपनीचा नफा यांत जाते आणि तिचा पत्ता बहुधा जिल्ह्याबाहेरचा असतो.

रॉयल्टीबद्दल गोंधळ फार. लोहखनिजाची रॉयल्टी सप्टेंबर 2014 पासून विक्रीमूल्याच्या 15 टक्के आहे (त्याआधी 2009 पासून 10 टक्के) आणि ती राज्याच्या तिजोरीत जाते. जिल्ह्यासाठी बांधलेला पैसा म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा: 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के, नंतरच्यांना 10 टक्के. 2015 च्या आधीच्या वर्षाचं मॉडेल असेल तर ही ओळ शून्य. नंतरचं असेल तरी जमा आणि खर्च एका वर्षात होत नाहीत. जमा झालेली नव्हे, त्या वर्षी खर्च झालेली रक्कम घ्या.

निर्यात शुल्कही वर्षावर्षाने बदललेलं आहे. डिसेंबर 2011 च्या अखेरीस ते 30 टक्के झालं, मार्च 2016 पासून 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या मालाला शून्य, मे 2022 मध्ये एकदम 50 टक्के आणि नोव्हेंबर 2022 मध्ये कमी प्रतीच्या मालाला पुन्हा शून्य. तुमच्या वर्षाचा दर शोधा आणि निर्यातमूल्यातून वजा करूनच फोड सुरू करा.

*मुलाखत घेताना:* 'महिन्याला सरासरी किती सुटतं?' असं विचारलंत तर मिळणारं उत्तर आशेचं किंवा तक्रारीचं असतं. 'शेवटची खेप कधी झाली? त्या खेपेला डिझेल किती भरलं, कुठल्या पंपावर?' असं विचारा. पंप गोव्याच्या हद्दीत असेल तर कमिशनही गोव्याचं. ट्रकमालक, गॅरेजवाले, किराणा दुकानदार आणि खानावळवाले मिळून तीस-चाळीस जण नीट झाले तरी फोड उभी राहते.

टप्पा 5: बाकीचा व्यापार मांडा

जिल्ह्याचा स्वतःचा आवक-जावक तक्ता (एका क्षेत्राला दुसऱ्याचा माल किती लागतो ते दाखवणारा) कुठे तयार मिळत नाही. राष्ट्रीय तक्त्याची प्रमाणं घेऊन ती स्थान गुणकाने (क्षेत्राचा जिल्ह्यातला वाटा भागिले देशातला वाटा) जिल्ह्याला बसवायची ही नेहमीची वाट. हा स्थान गुणक एकाहून जास्त आला म्हणजे जिल्हा त्या मालात स्वयंपूर्ण, असं त्यात गृहीत असतं. कोकणात हे गृहीतक कोसळतं. मालवणची सुरमई गोव्याला जाते आणि त्याच आठवड्यात मालवणच्या हॉटेलात बाहेरच्या बंदरावरची मासळी शिजते. एकच माल दोन्ही दिशांना. स्थान गुणकाला फक्त शिल्लक दिसते, म्हणून व्यापार कमी भरतो आणि उत्पन्नाचा गुणक फुगतो. मासळी, भात, भाजी आणि बांधकामाचं साहित्य या चौघांसाठी तरी दुकानदारांना माल कुठून येतो ते विचारून आकडे बदला. भाजी-दूध घाटावरून येतं हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे, तक्त्याला ते सांगावं लागतं.

प्रदेशा-प्रदेशांतले प्रवाह भरायला ग्रॅव्हिटी मॉडेल (व्यापार बाजारांच्या आकाराने वाढतो आणि अंतराने घटतो असं धरणारं) वापरत असाल तर तीन गोष्टी सांभाळा. अंतर किलोमीटरमध्ये नको, भरलेल्या ट्रकला लागणाऱ्या तासांत घ्या. नकाशावर कोल्हापूर जवळ असेल, पण मधे आंबोली, फोंडा किंवा करूळ घाट आहे, आणि पावसात दरड आली की तोच माल दुसऱ्या घाटाने फिरून येतो. राज्याच्या सीमेला वेगळा चल द्या, कारण 1 जुलै 2017 ला जीएसटी येण्याआधी बांद्याच्या नाक्याला जो अर्थ होता तो नंतर राहिला नाही. आणि शून्य प्रवाह फेकून देऊ नका. लॉगरिदम घेताना शून्याच्या जागी एक टाकायची सवय सर्रास दिसते, त्याने अंतराचा गुणांक बिघडतो. पॉयसन पद्धतीचं समाश्रयण (रिग्रेशन) वापरा, त्यात शून्य शून्यच राहतं.

*सावधान:* खनिज ग्रॅव्हिटीत घालू नका. तो माल जवळचं गिऱ्हाईक शोधत नाही, चीनच्या भट्टीकडे जातो. तो टप्पा 3 मधून थेट घ्या.

टप्पा 6: तक्ता जुळवा

ओळींची आणि रकान्यांची बेरीज जुळत नाही तोवर आरएएस पद्धतीने फेऱ्या मारा: आधी ओळी बेरजेला बसवा, मग रकाने, पुन्हा ओळी. त्याआधी जे आकडे तुम्ही प्रत्यक्ष मोजलेत (खनिजाची जावक, ट्रकभाड्याची फोड, आंब्याची वाशीची आवक) ते बाहेर काढून ठेवा, उरलेला तक्ता जुळवा आणि मग परत जागेवर ठेवा. नाहीतर पद्धत खनिजाचा काही भाग मुकाट्याने स्थानिक कारखान्यांना वाटून टाकते.

*तपासणी:* जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या पैशात मुंबईकर चाकरमान्यांची रक्कम वेगळी ओळ म्हणून दिसते का? दिसत नसेल तर गणपतीतला सगळा बाजार तुमच्या तक्त्यात खाणीच्या पैशावर चाललेला आहे.

टप्पा 7: आता गुणक, आणि तेजीची मर्यादा

घरात आलेल्या रुपयातले 80 पैसे खर्च होतात असं धरा. त्या खर्चातल्या प्रत्येक रुपयामागे 35 पैसे स्थानिक उत्पन्न बनतं, कारण बाकीचा माल बाहेरचा. 0.8 गुणिले 0.35 म्हणजे 0.28, आणि एकाला (1 वजा 0.28) ने भागलं की गुणक 1.39. अडीचचा गुणक यायला खर्चातले 75 पैसे जिल्ह्यातच राहायला हवेत. ज्या बाजारात भाजीही घाट उतरून येते तिथे हे होत नाही.

हा गुणक पहिल्या फेरीच्या स्थानिक उत्पन्नालाच लावा. आमच्या उदाहरणात 3.6 कोटी गुणिले 1.39, साधारण 5 कोटी. घाईच्या रीतीने 30 कोटी गुणिले 2.5 केलं असतं तर 75 कोटी झाले असते. मी भांडतो ते या दोन आकड्यांमधल्या दरीसाठी.

यात एक गृहीतक अजून लपलेलं आहे: मजूर, ट्रक, रस्ता हवे तितके मिळतात. तेजीत ते मिळत नाहीत. ट्रकवर जास्त मजुरी मिळाली की बागेत फवारणीला माणूस सापडत नाही, बागायतदार नेपाळी कामगारांवर अवलंबून राहतो, आंब्याचा खर्च चढतो. खनिजवाहतुकीच्या रस्त्यालगत धूळ मोहोरावर बसते. म्हणून आंबा, काजू, मासळी या क्षेत्रांना वरची मर्यादा घाला. खनिज वाढलं तर मजुरी किती चढली ते मुलाखतींतून घ्या आणि तेवढं त्यांचं उत्पादन कमी धरून पुन्हा चालवा. मर्यादेशिवायचं आणि मर्यादेसह अशी दोन्ही उत्तरं छापा.

टप्पा 8: मंदीवर घासून पाहा

तेजीवर बसवलेलं मॉडेल तेजीवरच तपासू नका. 5 ऑक्टोबर 2012 ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातलं खाणकाम थांबलं. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत ते उघडलं आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 पट्टे रद्द झाल्यावर पुन्हा बंद पडलं. सीमेलगतच्या तालुक्यांना हे धक्के बाहेरून बसले. मॉडेलमध्ये गोव्याचा खनिजप्रवाह शून्य करा आणि सावंतवाडी-दोडामार्गात काय व्हायला हवं ते काढा. मग पंपांची विक्री, व्यापारी वाहनांची नोंदणी आणि पतसंस्थांची थकबाकी यांच्याशी ताडून पाहा.

इथे बहुतेक मॉडेलं नापास होतात, आणि कारण एकच: वर जाताना जे गुणांक, तेच खाली येताना वापरलेले असतात. खेप बंद झाली की डिझेल बंद होतं, ड्रायव्हर घरी जातो, पण हप्ता दर महिन्याला येतच राहतो. तो मग घरखर्चातून, दागिन्यांतून, कधी कलमांची बाग गहाण ठेवून जातो. तक्त्यात खनिज शून्य केल्यावर हप्त्याची ओळही शून्यावर जात असेल, तर टप्पा 4 ला परत जा, हप्ता डिझेलपासून तोडा आणि खेपांशी न बांधलेला, ठरलेला खर्च म्हणून घरांच्या रकान्यात टाका.